डाळ-भाकरीवरचा खटला

गेल्या उन्हाळ्यात एका गावच्या जत्रेला जाण्याचा योग आला. कुस्त्यांचा फड रंगला होता. फडाच्या कडेला विशीतला एक पोरगा अंगाला माती लावून बसला होता आणि त्याच्या पिशवीतून एक भलामोठा डबा डोकावत होता. "काय रे हे?" म्हणून विचारले. म्हणाला, "प्रोटीन हाय, सर. पावडर. अडीच हजाराला पडला डबा." मी म्हटले, "आणि घरी काय खातोस?" तो हसला. "घरी काय, डाळ-भाकरी. त्यात काय असतंय?" शेजारी त्याचे वडील उभे होते. त्यांनी काही उत्तर केले नाही, नुसते पोराकडे पाहिले. त्यांची सारी हयात त्या डाळ-भाकरीवरच गेली होती.

"त्यात काय असतंय?" हा प्रश्न त्या पोराचा एकट्याचा नाही. मोठमोठ्या पंडितांनी तो विचारला आहे आणि त्याचा पावणेदोनशे वर्षांहून मोठा इतिहास आहे. आपल्या ताटातल्या डाळ-भाकरीवर जगाच्या शास्त्रसभेत जणू एक खटलाच चालला. कधी तिला दोषी ठरवले, कधी निर्दोष सोडले, तर कधी "निर्दोष, पण अटीवर" असा निकाल दिला. त्या खटल्याची हकीकत आज सांगायची आहे. शिक्षक मित्रांनी कागद-पेन्सिल जवळ ठेवावी, कारण मध्ये थोडे आकडे येतील.

आधी शब्दाची गोष्ट. १८३८ साली मुल्डर नावाच्या एका डच रसायनशास्त्रज्ञाने अंड्यातला पांढरा भाग, रक्त, गव्हातला चिकट भाग अशा पदार्थांचे पृथक्करण केले आणि त्या सर्वांत एकच मूळ द्रव्य आहे असे त्याला वाटले. स्वीडनचा थोर रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस याने त्याला पत्रातून नाव सुचवले : प्रोटीन. पहिल्या मानाचे, अग्रस्थानीचे, असा त्या ग्रीक शब्दाचा भाव. आपल्याकडच्या 'प्रथिन' या शब्दातही 'प्रथम'चा नाद ऐकू येतो. नावातच पहिला मान मिळाल्यावर मग काय विचारता! पुढची शंभर वर्षे हे द्रव्य आहारशास्त्राच्या पाटावर यजमान होऊन बसले.

जर्मनीचा लिबिग म्हणाला की, माणसाचे स्नायू काम करतात ते प्रथिने जाळून. म्हणजे अंगमेहनतीच्या माणसाला मांस हवेच. त्याच परंपरेतल्या म्युनिकच्या फॉइट याने बेताची मेहनत करणाऱ्या माणसाला दिवसाला ११८ ग्रॅम प्रथिने लागतात, असा दंडक घातला. हा आकडा त्याने काढला कसा? तिथले धडधाकट कामकरी काय खातात ते पाहून. ते जेवढे खातात तेवढे त्यांना लागतेच, असे धरून चालले. लग्नात माणसे किती लाडू खातात हे मोजून "माणसाला इतके लाडू आवश्यक" असे म्हणावे, त्यातलाच हा प्रकार. पण आकडा छापला गेला की त्याला वजन येते.

लिबिगच्या म्हणण्याची परीक्षा मात्र दोघा प्राध्यापकांनी फार गमतीने घेतली. झुरिचचे फिक आणि विस्लिसेनस हे दोघे १८६५ सालच्या ऑगस्टमध्ये आल्प्समधल्या फाउलहॉर्न नावाच्या शिखरावर चढून गेले. तळ्याच्या काठापासून ही चढण १९५६ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या उंचीपेक्षाही तीनशे मीटर जास्त. चढायच्या आदल्या दिवसापासून त्यांनी प्रथिने वर्ज्य केली. पिठुळ स्टार्चच्या तळलेल्या वड्या, चरबी आणि साखर घातलेला चहा, एवढ्यावर ते चढले. वाटेत लघवी साठवून ठेवली आणि तिच्यातल्या नत्रावरून अंगातली किती प्रथिने खर्च झाली ते मोजले. चढायला जितकी शक्ती लागली असणार, तिच्या मानाने जळलेली प्रथिने कितीतरी कमी भरली. म्हणजे ओझे वाहायला, नांगर धरायला, डोंगर चढायला बळ मिळते ते मुख्यतः पिठातून आणि तेला-तुपातून. प्रथिनांचे काम वेगळे. त्यांनी अंग घडते, झीज भरून निघते, रक्त आणि पाचक रस तयार होतात.

चुलीचे उदाहरण घ्या. सरपण वेगळे आणि घराचे वासे वेगळे. भाकरी हे मुख्यतः सरपण आणि डाळ हे मुख्यतः वासे. मुख्यतः म्हणतो, कारण दोघांतही दोन्ही थोडेथोडे आहे. हे उदाहरण ध्यानात ठेवा, पुढे ते उपयोगी पडणार आहे.

१९०४ साली अमेरिकेत चिटेंडन याने सैनिक आणि खेळाडू यांना कित्येक महिने फॉइटच्या निम्म्याच प्रथिनांवर ठेवून दाखवले. त्यांची ताकद घटली नाही. तरी हिंदुस्थानात आलेले इंग्रज डॉक्टर जुन्याच मापाने मोजत राहिले. कलकत्त्याचे प्राध्यापक मॅकके यांनी बंगालमधल्या तुरुंगांतल्या कैद्यांचा आहार तपासला आणि १९१२ साली ग्रंथ लिहून सांगितले की, बंगाली माणूस किरकोळ का, तर त्याच्या भातात प्रथिने कमी. गुलामगिरी, हिवताप, अर्धपोटी राहणे यांचा हिशेब त्या तराजूत नीटसा बसला नाही.

आपल्या महाराष्ट्राचे नाव या खटल्यात प्रथम येते ते उंदरांमुळे! निलगिरीतल्या कुन्नूरला १९१८ साली रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी एका खोलीत बेरीबेरीवरचे संशोधन सुरू केले. हीच संस्था वाढत वाढत १९५८ साली हैदराबादला गेली आणि आज ती राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. मॅककॅरिसन यांनी पांढऱ्या उंदरांचे गट केले आणि प्रत्येक गटाला देशातल्या एकेका प्रांताचे जेवण घातले. शीख, पठाण, मराठा, गुरखा, कानडी, बंगाली, मद्रासी. काही महिन्यांनी वजने केली, तेव्हा क्रम लागला तो असाच, मी आता सांगितला तोच. मराठी जेवणाचे उंदीर तिसरे आले.

यावरून कोणी मिशीला पीळ देऊ नये. त्या काळी लढाऊ जाती आणि बिनलढाऊ जाती अशी विभागणी सरकारच्या डोक्यात होती आणि हा प्रयोग तिला सोयीचा वाटला. पण उंदराला जात नसते. पहिल्या गटाला मिळत होता हातदळणीचा कोंड्यासकट गहू, डाळ, दूध, लोणी, भाजीपाला. शेवटच्याला मिळत होता मुख्यतः सडलेला पांढरा तांदूळ. उंदीर जोमदार झाला तो शिखांचा म्हणून नव्हे, दूध प्यायला म्हणून. ही गोष्ट मॅककॅरिसन यांनाही ठाऊक होती.

त्यांच्यामागून आलेल्या एक्रॉइड यांनी १९३७ साली एक पुस्तिका काढली. हिंदी अन्नपदार्थांत काय काय किती आहे, याची कोष्टके तिच्यात होती. तिच्या पुढे आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. शंभर ग्रॅम तुरीच्या डाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने, मुगाच्या डाळीत २४, मसुरीत २५, हुलग्यात म्हणजे कोकणातल्या कुळथात २२, शेंगदाण्यात २५, ज्वारीत १०, बाजरीत साडेअकरा, तांदळात ७ च्या आसपास, गाईच्या दुधात ३, म्हशीच्या दुधात ४, अंड्यात १३ आणि सुक्या बोंबलात तब्बल ६० च्या वर, असे ते आकडे आहेत. दुधाचा आकडा लहान दिसतो कारण दुधात पाणी फार, आणि सुक्या बोंबलाचा मोठा दिसतो कारण त्यातले पाणी उन्हाने नेलेले. आकडा वाचताना पाण्याकडे पाहावे, नाहीतर फसगत होते.

आता कोणी म्हणेल, या आकड्यांच्या आधी आपली माणसे काय आंधळेपणाने जेवत होती? मुळीच नाही. शिरूरजवळ घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८ साली उत्खनन सुरू केले. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकरी वस्तीत जळालेले दाणे सापडले ते सातूचे, गव्हाचे, आणि त्यांच्या जोडीला मसूर, वाटाणा, कुळीथ यांचे. म्हणजे एक धान्य आणि एक कडधान्य ही जोडी भीमेच्या खोऱ्यात तेव्हापासूनची आहे. ज्वारी-बाजरी मूळची आफ्रिकेतली, हरभरा पश्चिम आशियातला, तूर आपल्या देशातली. भुईमूग तर दक्षिण अमेरिकेतून आलेला. आपण शेंगदाण्याची चटणी पणजोबांच्या पणजोबांची समजतो, पण शिवकालातल्या शेतकऱ्याच्या फडक्यात ती असण्याचा संभव कमीच. धान्ये आली-गेली, जोडी टिकली. ज्वारीबरोबर तूर आंतरपीक म्हणून एकाच शेतात उभी राहते आणि एकाच ताटात येते. पिठले-भाकरी, खिचडी, हुलग्याचे माडगे, शेंगोळी, मोड आलेल्या मटकीची उसळ, पुरणपोळीसुद्धा, सगळीकडे हीच जोडी.

ही जोडी का जमते, ते १९१४ च्या सुमारास अमेरिकेतल्या ऑस्बोर्न आणि मेंडेल यांच्या उंदरांनी दाखवले. प्रथिन म्हणजे एक माळ आहे आणि तिच्यात वीसएक तऱ्हेचे मणी असतात. त्यांतले काही मणी आपले शरीर स्वतः घडवू शकत नाही, ते अन्नातूनच यावे लागतात. उंदरांना नुसत्या मक्यातले प्रथिन दिले तर त्यांची वाढ खुंटे. कमी पडणारे दोन मणी वरून घातले की उंदीर वाढू लागत. त्यांतला एक लायसिन. ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ या सर्वांत लायसिन कमी. डाळीत ते भरपूर. उलट डाळीत मेथिओनिन नावाचा मणी कमी, तो धान्यात बऱ्यापैकी. एकाचे उणे दुसरा भरून काढतो. आपल्या आज्यांना लायसिन माहीत नव्हते, पण नुसत्या भाकरीवर वाढलेले पोर आणि आमटीत भाकरी कुस्करून खाल्लेले पोर यांतला फरक त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता.

खटल्याला खरा रंग चढला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, आज ज्याला घाना म्हणतात तिथे, सिसिली विल्यम्स या डॉक्टरबाईंनी १९३३ साली लहान मुलांच्या एका रोगाचे वर्णन केले. अंगावर सूज, केस तांबूस, कातडी सोललेली, मूल किरकिरे. तिथल्या भाषेत त्याला क्वाशिओरकोर म्हणत. धाकटे भावंड आले की अंगावरच्या दुधाला मुकलेल्या मुलाचा आजार, असा त्याचा अर्थ. प्रथिने कमी पडल्याने हा होतो असे ठरले. मग जगभरच्या गरीब देशांत तज्ज्ञांना सगळीकडे प्रथिनांची तूट दिसू लागली. १९५५ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यासाठी सल्लागार मंडळ नेमले. १९६८ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या एका अहवालाने जगावर प्रथिनांचे संकट कोसळू पाहत आहे असा इशारा दिला.

संकट म्हटले की उपाय सुचवणारे धावतात. माशांचे पीठ, पानांतून काढलेले प्रथिन, पेट्रोलियमवर वाढवलेल्या सूक्ष्म जंतूंचे प्रथिन, काय काय निघाले! म्हैसूरच्या अन्नसंशोधन संस्थेने तेल काढलेल्या शेंगदाण्याचे पीठ तीन भाग आणि भाजक्या हरभऱ्याचे पीठ एक भाग असे मिश्रण तयार केले, तेवढे मात्र आपल्या चुलीला ओळखीचे होते. बाकीच्या बऱ्याच योजनांत गृहीत एकच : गरिबाच्या ताटात डाळ-भाकरी आहे हाच दोष आहे, तेव्हा तिच्या जागी किंवा तिच्यावर दुसरे काहीतरी पाहिजे.

आणि इथे खटल्यात बचावाचा वकील उभा राहिला. सातारा जिल्ह्यातल्या बुध या गावी २७ जुलै १९११ रोजी जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून पदवी घेऊन ते लंडनला गेले आणि संख्याशास्त्राचे डॉक्टर होऊन परत आले. शेतकरी बंधूंना त्यांचे नाव कदाचित ठाऊक नसेल, पण त्यांचे काम त्यांच्या बांधावर येऊन गेलेले आहे. पिकाचा अंदाज नजरपाहणीने न करता, चिठ्ठी टाकल्याप्रमाणे शेत निवडायचे, त्यात मोजून एक तुकडा आखायचा आणि तेवढे पीक कापून, मळून, तोलायचे, ही पीक-कापणी प्रयोगाची पद्धत देशात रुजवण्यात त्यांचा आणि डॉ. पानसे यांचा मोठा वाटा आहे. दोघांनी मिळून लिहिलेले १९५४ सालचे पुस्तक शेतकी महाविद्यालयांतून पिढ्यानपिढ्या शिकवले गेले. १९५१ साली सुखात्मे रोमला जागतिक अन्न व शेती संघटनेत गेले आणि १९७० पर्यंत तिथल्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते.

म्हणजे ज्या मंडळींत प्रथिन-संकटाचा डांगोरा पिटला जात होता, त्यांच्याच पंक्तीला हा बुधचा माणूस बसलेला होता. त्याने एक साधा प्रश्न विचारला. सरासरी सोडा, घरोघरचे आकडे काढा. ज्या घरात प्रथिने कमी पडतात, त्या घरात एकूण अन्न पुरते आहे का?

आपल्या देशातल्या आहार-पाहण्यांचे आकडे त्यांनी अशा रीतीने चाळले आणि १९७० साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. पोटभर खाऊनही प्रथिने कमी पडली अशी घरे फार थोडी. प्रथिनांची तूट होती ती बहुतेक अशा घरांत की जिथे मुळात भाकरीच पुरत नव्हती. आता मघाचे चुलीचे उदाहरण आठवा. सरपण संपले म्हणजे माणूस काय करील? घराचे वासे काढून चुलीत घालील. अर्धपोटी माणसाचे शरीर हेच करते. खाल्लेली डाळ अंग घडवायच्या कामी न लागता सरपण म्हणून जळून जाते. अशा घरात महागड्या प्रथिनाचा डबा नेऊन दिला तर तोही चुलीतच जाणार. आधी त्या घराला पोटभर भाकरी द्या आणि भाकरी मिळेल असा रोजगार द्या, असा याचा सरळ अर्थ होता.

त्याच सुमारास हैदराबादला डॉ. गोपालन यांनी दाखवून दिले की, सुजलेली मुले आणि सुकलेली मुले यांच्या आजारापूर्वीच्या आहारात म्हणण्यासारखा फरक नव्हता. दोन्ही भुकेचीच लेकरे. १९७१ च्या तज्ज्ञ समितीने प्रथिनांची शिफारस खाली आणली. १९७४ साली मॅक्लारेन या शास्त्रज्ञाने 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय पत्रात लेख लिहून सारा बोजवारा चव्हाट्यावर मांडला. १९७७ साली ते सल्लागार मंडळही गुंडाळले गेले. डाळ-भाकरी निर्दोष सुटली.

योगायोग पाहा. हा वाद परदेशात चालला होता तेव्हा महाराष्ट्रात १९७२ चा दुष्काळ पडला होता. ज्यांनी तो पाहिला त्यांना दुष्काळी कामावरची सुकडी आठवत असेल, परदेशातून आलेला लाल मिलोही आठवत असेल. खडी फोडणाऱ्या बाईला त्या वेळी कोणी लायसिन विचारले नाही. तिला हवे होते काम, कामाचे दाम आणि संध्याकाळी दोन भाकऱ्या. सुखात्मे यांचा निष्कर्ष तिच्या ओंजळीत ताडून पाहता आला असता.

पण श्रोतेहो, खटला इथे संपला असे म्हणालो तर मी अर्धीच हकीकत सांगितल्यासारखे होईल. सुखात्मे निवृत्तीनंतर पुण्याला येऊन काम करीत राहिले आणि पुढे त्यांनी असेही मांडले की, एकाच माणसाची अन्नाची गरज दिवसागणिक खालीवर होते, शरीर काही मर्यादेत जुळवून घेते, म्हणून सरासरीच्या खाली खाणारा प्रत्येक जण उपाशी धरू नये. संख्याशास्त्र म्हणून त्यात तथ्य होते. पण याचा आधार घेऊन कोणी म्हणू लागला की, खुरटलेली मुलेही निरोगीच आहेत, तर? गोपालन यांनी याला कडाडून विरोध केला. मला स्वतःला या मुद्द्यावर गोपालन यांची बाजू खरी वाटते. जुळवून घेतलेले शरीर म्हणजे काटकसरीने चालवलेले घर. चालते खरे, पण त्या घरात काहीतरी विकले गेलेले असते.

दुसरी दुरुस्ती बंगळूरहून आली. तिथल्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. अनुरा कुरपड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाला लायसिन किती लागते ते नव्या पद्धतीने मोजले. पूर्वी दर किलो वजनाला दिवसाला १२ मिलिग्रॅम पुरे मानत. आता ते ३० लागते असे दिसले आणि २००७ च्या जागतिक तज्ज्ञ समितीच्या अहवालात हाच आकडा आला. याचा अर्थ काय? पोटभर खाऊन प्रथिनांची बेरीज जमेल, पण सगळी भाकरीचीच असली तर माळेतला तो एक मणी कमी पडेल.

आता कागद घ्या. ५५ किलो वजनाच्या शेतकरी माणसाला दिवसाला १६५० मिलिग्रॅम लायसिन हवे. दिवसभरात ४०० ग्रॅम ज्वारीचे पीठ पोटात गेले, तर प्रथिने ४० ग्रॅम झाली, पण त्यात लायसिन फक्त ९०० च्या आसपास. त्याच दिवशी ६० ग्रॅम तुरीची डाळ गेली, तर प्रथिने १३ ग्रॅमच वाढली, पण लायसिन साडेआठशेच्या वर आले. बेरीज १७५० च्या घरात. ४०० ग्रॅम ज्वारी देते तेवढे लायसिन ६० ग्रॅम डाळ जवळजवळ एकटी देते. आणि एकूण प्रथिने झाली ५३ ग्रॅम. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या कोष्टकात दर किलोला ०.८३ ग्रॅम हे प्रमाण आहे, त्या हिशेबाने या माणसाला सुमारे ४६ लागतात. ज्वारीतले सगळे पचत नाही, तेव्हा वरची शिल्लक उगाच नाही. वाटीभर ताक, मूठभर शेंगदाणे, आठवड्यातून चारदोन अंडी, कोकणात असाल तर सुकट किंवा जवळा, यांतले जे ज्याला परवडते आणि चालते त्याची भर पडली की हिशेब चोख. वाढत्या मुलाला, पोटुशीला आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला ही भर आवर्जून हवी. आपल्या घरांत ती शेवटी जेवते आणि तोवर आमटीच्या पातेल्यात नुसते पाणी उरते. हे कोणत्या कोष्टकात बसवायचे?

डब्याच्या बाबतीत २०२४ साली याच संस्थेने स्पष्ट सांगितले आहे की, अंग कमावण्यासाठी असल्या पावडरी घेऊ नयेत. मघाशी भेटलेल्या पोराला मी हिशेब करून दाखवला. अडीच हजारांत तुरीची डाळ किती येते, ते त्याचे त्यानेच काढले.

नुसता प्रथिनांचा आकडा पाहून भुलू नये याचा दाखला आपल्याच विदर्भात आहे. भंडारा, गोंदियाकडची लाख किंवा लाखोळी. धानाच्या मागून ओलीवर येणारी, फुकटात पिकणारी, प्रथिनांनी तुरीहून सरस. पण दुष्काळात महिनोन् महिने मुख्यतः तिच्यावरच काढलेल्या माणसांचे पाय कायमचे लुळे पडत. मध्य हिंदुस्थानात स्लीमन या अधिकाऱ्याने असे लुळे झालेले गावकरी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाहून लिहून ठेवले आहे. काही भागांत वेठबिगारांना मजुरी म्हणून हीच डाळ देत. १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी घालण्याची तरतूद झाली आणि १९६४ साली तिच्यातले विष आपल्याच देशातल्या शास्त्रज्ञांनी ओळखून काढले. अधूनमधून खाल्ल्याने माणूस लुळा होत नसे. दुसरे काही नाही म्हणून तीच खावी लागली की होई.

आता सर्वांत चमत्कारिक गोष्ट. डाळ-भाकरीत प्रथिने आहेत की नाहीत यावर पंडित भांडत होते, त्या काळातच डाळ ताटातून निघून चालली होती. १९५१ साली देशात दर माणशी दिवसाला ६०.७ ग्रॅम कडधान्य उपलब्ध होते. १९६१ साली ६९. मग हरितक्रांती आली. गहू-तांदळाला कालव्याचे पाणी मिळाले, नवे बियाणे मिळाले, सरकारी खरेदीचा आधार मिळाला. तूर, मूग, मटकी कोरडवाहू माळावर पावसाच्या भरवशावर राहिली. पोटाला पुरेसे धान्य झाले हे खरेच मोठे काम झाले. पण २००१ साली तो कडधान्याचा आकडा ३० वर येऊन ठेपला. पुढे तो थोडा सावरला, तरी १९६१ चा दिवस पुन्हा आलेला नाही. आपल्या मराठवाडा-विदर्भात तर नवीनच प्रकार आहे. ४० टक्क्यांच्यावर प्रथिने असलेले सोयाबीन लाखो हेक्टरांवर पिकते, तेल घाणीला जाते, पेंड कोंबड्यांना जाते, आणि पिकवणाऱ्याच्या घरी आमटी पातळ होते.

मध्यंतरी एका जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलो होतो. पाचवी ते सातवीच्या मुलांनी फळ्यावर गणित मांडले होते. शासनाच्या प्रमाणाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ. तांदळाची प्रथिने ७, डाळीची साडेचार, भाजीची थोडी, बेरीज सुमारे १२ आणि नियमातही १२ च लिहिलेली. बेरीज जुळल्यावर मुले खूश. मग गुरुजींनी त्यांना तराजू घेऊन स्वयंपाकाच्या खोलीत पाठवले. त्या दिवशी हजर होती ८४ मुले, सारी पाचवीच्या आतली धरली तरी डाळ हवी होती १६८० ग्रॅम. मुली डबा तोलत होत्या, स्वयंपाकाच्या मावशी पदराने घाम पुसत बघत होत्या. काटा स्थिर झाला, तेव्हा एक मुलगी वळून म्हणाली, "गुरुजी, दीड किलोच हाय."

मावशी म्हणाल्या, "अगं थांब, कोपऱ्यात अजून एक पिशवी आहे, ती पण घे."